परदेशात मुलांचं फ्रेंच टिकवायचं, तर शाळा कोणती?

ल्यों, ब्रसेल्स किंवा जिनिव्हात काही वर्षं काढलेलं कुटुंब नोकरीच्या निमित्तानं म्युनिकला, सिंगापूरला नाहीतर टोरांटोला जातं. तोपर्यंत मुलं फ्रेंच शाळेत इतकी रुळलेली असतात, की आपसातली भांडणंसुद्धा फ्रेंचमध्येच होतात. आई-बाबांपैकी एक जण फ्रेंच असेल, तर आजी-आजोबांशी होणारं बोलणंही त्याच भाषेवर अवलंबून असतं. नव्या गावात खोकी उघडायच्या आधी शोध सुरू होतो: इथे फ्रेंच शाळा आहे का? असेल तर तिची फी बघून घाम फुटतो, आणि नसेल तर सगळं संपल्यासारखं वाटतं.

मला विचाराल तर शोधाची सुरुवातच उलटी होते. ‘शाळा कुठे आहे’ याच्या आधी ‘फ्रेंच कशासाठी हवं आहे’ हे ठरवायला पाहिजे. दोन-तीन वर्षांत कुटुंब परत फ्रान्सला जाणार असेल, तर मुलाला फ्रेंच अभ्यासक्रम सलग मिळायला हवा: तीच गणिताची मांडणी, तोच इतिहास, तीच इयत्ता. परत जायचं नक्की नसेल आणि फक्त भाषा जिवंत राहावी एवढीच इच्छा असेल, तर अभ्यासक्रम दुय्यम, वाचन-लेखन मुख्य. या दोन गरजांना लागणाऱ्या सोयी वेगळ्या आहेत आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली गरज असलेल्यानं दुसऱ्या सोयीवर भागवलं तर मूल परतताना अडकतं. दुसरी गरज असलेला पहिल्या सोयीच्या मागे लागला, तर पगाराचा मोठा हिस्सा शाळेत जातो.

घरात फ्रेंच बोललं जातं, मग वेगळी शाळा हवीच कशाला, असंही कुणी म्हणेल. बोलणं घरी टिकतं हे खरं. लिहिणं मात्र टिकत नाही, आणि फ्रेंचमध्ये या दोघांमधली दरी फार रुंद आहे. ‘खाणे’ हे क्रियापद घ्या. मी खातो, तू खातोस, तो खातो, ते खातात, या चारही ठिकाणी कानाला एकच उच्चार ऐकू येतो: ‘मांज’. कागदावर मात्र कधी शेवटी नुसता ई, कधी ई-एस, कधी ई-एन-टी. घरात रोज फ्रेंच बोलणारं नऊ वर्षांचं मूल ‘ते खातात’ लिहिताना ई-एन-टी सोडून देतं, कारण ते त्यानं कधी ऐकलेलंच नसतं. पाण्याला फ्रेंचमध्ये ‘ओ’ म्हणतात; तो शब्द ई, ए, यू अशा तीन अक्षरांत लिहितात आणि त्यात ओ हे अक्षरच नसतं. हे ऐकून येत नाही, वाचून आणि पुन्हा पुन्हा लिहून येतं. फ्रान्समधल्या शाळांत श्रुतलेखनाचं, म्हणजे ‘दिक्ते’चं एवढं प्रस्थ आहे ते उगीच नाही.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली एक भेद मांडला, तो इथे उपयोगी पडतो. गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. नव्या भाषेत खेळाच्या मैदानावर मूल साधारण २ वर्षांत मोकळं होतं. धडा वाचून त्यावर चार ओळींचं उत्तर लिहिण्याइतकी पकड यायला ५ ते ७ वर्षं लागतात. पालकांची फसगत होते ती इथेच. मूल फाडफाड बोलतं म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि फ्रान्सला परतल्यावर सहाव्या इयत्तेत इतिहासाचा परिच्छेद समोर आला की ते अडखळतं.

आता शाळांकडे वळू. फ्रान्सबाहेरच्या फ्रेंच शाळांचं जे मोठं जाळं आहे, त्याची सूत्रं एईएफई या सरकारी संस्थेकडे आहेत. ती १९९० साली स्थापन झाली आणि फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत चालते. जाळ्यात सुमारे ६०० शाळा आहेत, जवळजवळ १४० देशांत. विद्यार्थी चार लाखांच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याहून अधिक फ्रेंच नागरिक नाहीत. म्हणजे ‘आमच्याकडे फ्रेंच पासपोर्ट नाही, आम्हाला कोण घेणार’ ही भीती निराधार आहे. काही शाळा एईएफई स्वतः चालवते, काहींशी करार असतो, काही नुसत्या सहयोगी. मिसिओं लाईक फ्रांसेज ही १९०२ पासूनची संस्थाही याच क्षेत्रात शाळा चालवते. व्यवस्थापन कुणाचं, याचा परिणाम फीवर आणि शिक्षकांच्या नेमणुकांवर होतो; मुलाच्या इयत्तेला मान्यता मिळण्याशी त्याचा संबंध नाही.

मान्यता हा खरा कळीचा शब्द. फ्रान्सचं शिक्षण खातं शाळेला ‘ओमोलोगासिओं’ देतं, म्हणजे इथे फ्रान्सचाच अभ्यासक्रम शिकवला जातो असं प्रमाणित करतं. अशा शाळेतून निघालेलं मूल फ्रान्समधल्या सरकारी शाळेत किंवा जगातल्या दुसऱ्या मान्यताप्राप्त शाळेत प्रवेश परीक्षा न देता पुढच्या इयत्तेत बसतं. आज हनोई, तीन वर्षांनी माद्रिद, मग परत नांत अशी बदलीची नोकरी असलेल्यांना ही सोय सोन्यासारखी. पण एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो: मान्यता सबंध शाळेला एकगठ्ठा मिळत नाही, टप्प्याटप्प्यानं मिळते. प्राथमिक विभाग मान्यताप्राप्त आणि पुढचा ‘कोलेज’, म्हणजे माध्यमिक विभाग नाही, असं असू शकतं. त्यामुळे ‘तुमची शाळा मान्यताप्राप्त आहे का’ असं विचारून थांबू नका. ‘माझ्या मुलाची इयत्ता, आणि त्याच्या पुढच्या दोन इयत्ता मान्यताप्राप्त आहेत का’ असं विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. नावात ‘फ्रेंच’ आणि ‘इंटरनॅशनल’ हे दोन्ही शब्द असलेल्या शाळा पुष्कळ निघतात; आठवड्याला चार तास फ्रेंच शिकवणाऱ्यांनाही ते नाव घ्यायला कुणी अडवत नाही.

इयत्तांचा हिशोबही समजून घ्यावा लागतो. ३ ते ६ वर्षं ‘मातेर्नेल’, मग पाच वर्षांची प्राथमिक शाळा. तिची पहिली इयत्ता सेपे, आणि वाचायला शिकवतात ते तिथे. त्यानंतर चार वर्षांचं कोलेज आणि तीन वर्षांचं लिसे. कोलेजमध्ये आकडे उलटे धावतात: ‘सिझिएम’ म्हणजे सहावीत प्रवेश होतो आणि ‘त्र्वाझिएम’ म्हणजे तिसरीत कोलेज संपतं. आपल्याला सुरुवातीला चक्रावायला होतं, पण सवय होते. इयत्ता ठरते ती जन्मवर्षावरून. ज्या वर्षी मूल सहा वर्षांचं होतं, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते सेपेला बसतं, मग वाढदिवस जानेवारीत असो की डिसेंबरात. इंग्लंडमध्ये वर्गाची रेषा सप्टेंबरच्या सुरुवातीला आखली जाते आणि मुलं चौथ्या-पाचव्या वर्षीच अक्षरओळख करू लागतात. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल इंग्लंडहून फ्रेंच शाळेत आलं, की वयानं वर्गातलं सगळ्यात लहान ठरू शकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त आधी माहीत असावं.

फी हा तसा नाजूक विषय, पण टाळून चालणार नाही. देशागणिक ती प्रचंड बदलते. काही शहरांत वर्षाला काही हजार युरोंत भागतं. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या ठिकाणी ती वर्षाला ३० हजार डॉलरच्याही वर जाते. शिवाय पहिल्या प्रवेशाचं वेगळं शुल्क, जे बहुधा परत मिळत नाही. फ्रान्स सरकारची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न आणि घरची परिस्थिती बघून ती मिळते, कधी कधी पूर्ण फीइतकीही. मात्र ती फक्त फ्रेंच नागरिकत्व असलेल्या मुलांसाठी आहे. मूल किमान ३ वर्षांचं हवं, कुटुंबाची नोंद तिथल्या फ्रेंच वाणिज्य दूतावासात हवी आणि शाळा मान्यताप्राप्त हवी. अर्ज त्याच दूतावासातून जातो. आई-बाबांपैकी एक फ्रेंच असेल आणि मुलाचं नागरिकत्व कागदोपत्री नोंदवायचं राहून गेलं असेल, तर शाळा शोधायच्या आधी ते काम उरकलेलं बरं, कारण त्याशिवाय शिष्यवृत्तीचं दार उघडतच नाही. फ्रेंच नागरिक नसलेल्यांना आशा असते ती कंपनीची. बदलीचा करार सही करण्यापूर्वी शिक्षणखर्चाचं कलम वाचा. नंतर मागितलं तर मिळेलच असं नाही.

इथवर वाचून अनेकांना वाटेल की हे आपल्या आवाक्यातलं नाही. पण जगात बऱ्याच ठिकाणी फ्रेंचमधून शिकवणाऱ्या सरकारी शाळा आहेत आणि तिथे फी नाही. बर्लिनचंच बघा. १६८९ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांच्या मुलांसाठी तिथे फ्रेंच शाळा निघाली. ती आजही सरकारी शाळा म्हणून चालू आहे. शिक्षण फ्रेंचमधून होतं आणि मुलं जर्मन आबिटूर आणि फ्रेंच बाक या शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन्ही परीक्षा देऊ शकतात. त्याशिवाय बर्लिनमध्ये ‘युरोपा शाळा’ नावाचे सरकारी वर्ग आहेत, ज्यांत निम्मे विषय जर्मनमधून आणि निम्मे दुसऱ्या भाषेतून चालतात. त्या दुसऱ्या भाषांत फ्रेंच आहे. झारब्र्युकेन आणि फ्रायबुर्ग इथे जर्मन-फ्रेंच माध्यमिक शाळा आहेत. शिवाय दोन देशांनी मिळून दिलेल्या दुहेरी प्रमाणपत्राची सोय अनेक साध्या सरकारी शाळांत सापडते: जर्मनीत त्याला आबीबाक म्हणतात, इटलीत एसाबाक, स्पेनमध्ये बाशीबाक. म्हणजे जर्मनीत राहणाऱ्याला पाच आकडी फी न भरता फ्रेंच बाकपर्यंत जाता येतं. मात्र जर्मन शिकण्याला पर्याय नाही.

युरोपियन संघाच्या ‘युरोपियन शाळा’ हा आणखी एक वेगळा प्रकार. पहिली १९५३ साली लक्झेंबर्गमध्ये सुरू झाली. ब्रसेल्स, फ्रँकफुर्ट, म्युनिक अशा शहरांतही त्या आहेत आणि त्यांपैकी अनेकींत फ्रेंच विभाग असतो. पहिला हक्क संघाच्या संस्थांत काम करणाऱ्यांच्या मुलांचा. बाकीच्यांना जागा उरल्या तर, आणि फी भरून.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. न्यूयॉर्कमध्ये सरकारी शाळेत फ्रेंच-इंग्रजी दुहेरी वर्ग २००७ पासून सुरू झाले, सुरुवात ब्रुकलिनमध्ये झाली आणि त्यामागे रेटा होता तो पालकांचा. एका परिसरात फ्रेंच बोलणारी किती कुटुंबं आहेत, त्यांची मुलं कोणत्या वयाची आहेत याची यादी हातात घेऊन हे पालक मुख्याध्यापकांकडे गेले. त्यात फक्त फ्रान्सचे लोक नव्हते. पश्चिम आफ्रिकेतून, हैतीतून आलेली कुटुंबंही होती. युटा राज्यात सरकारी दुभाषिक वर्गांत फ्रेंच आहे, लुइझियानात तर १९६८ पासून फ्रेंच जपण्यासाठी सरकारी यंत्रणाच आहे. त्यामुळे अमेरिकेत असाल तर खासगी लिसेची फी बघून हताश होण्याआधी आपल्या शिक्षण मंडळाकडे दुहेरी भाषेच्या वर्गांची चौकशी करा.

कॅनडा हा सगळ्यात गोंधळात टाकणारा देश, आणि इथे घाई करून चालत नाही. क्वेबेकमध्ये १९७७ च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्या बहुतेक मुलांना सरकारी शिक्षण फ्रेंचमधूनच घ्यावं लागतं. तिथे प्रश्नच मिटला. क्वेबेकबाहेर मात्र दोन गोष्टी एकसारख्या दिसतात आणि दोन्ही अगदी वेगळ्या आहेत. पहिली ‘फ्रेंच इमर्शन’. ही इंग्रजी शाळांतली, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनी फ्रेंच शिकावं म्हणून काढलेली योजना. तिची सुरुवात १९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सां-लांबेरमध्ये झाली. घरातून फ्रेंच घेऊन आलेलं मूल तिथे पहिल्याच आठवड्यात कंटाळतं, कारण वर्ग रंग आणि आठवड्याचे वार शिकत असतो आणि मधल्या सुट्टीत सगळे इंग्रजीच बोलतात. दुसरी गोष्ट म्हणजे फ्रेंच शाळा. त्या पूर्णपणे फ्रेंचमधून चालतात, सरकारी असतात, फी नसते. १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं २३ वं कलम ठरावीक पालकांना मुलांना इथे घालण्याचा हक्क देतं: ज्यांची पहिली भाषा फ्रेंच आहे आणि अजून समजते, किंवा ज्यांचं स्वतःचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झालं, असे कॅनडाचे नागरिक. पॅरिसहून टोरांटोला आलेलं, घरी तिसरीच भाषा बोलणारं कुटुंब या चौकटीत बसत नाही. पण म्हणून परत फिरू नका. ओंटारिओत १२ फ्रेंच शिक्षण मंडळं आहेत आणि हक्क नसलेल्यांचे अर्ज बघायला शाळेची प्रवेश समिती असते. मूल आधीपासून फ्रेंच शाळेत शिकत होतं ही गोष्ट तिथे वजनदार ठरते. जुन्या शाळेचं प्रगतिपुस्तक सोबत ठेवा.

जवळ कुठलीच शाळा नसेल तर? मग येतो क्नेद, फ्रान्सचं सरकारी दूरशिक्षण केंद्र. १९३९ साली युद्धानं शाळा विस्कळीत झाल्या तेव्हा त्याचा उगम झाला. क्नेदकडून दोन प्रकारांनी शिकता येतं. एक म्हणजे पूर्ण वर्ग: सगळे विषय, सगळ्या चाचण्या, तपासणीला पाठवायचे पेपर. लहान मुलासाठी याचा अर्थ घरातलं एक मोठं माणूस रोज शिक्षक होतं. जमत असेल तर उत्तम, पण दोघंही नोकरी करत असाल तर स्वतःला फसवू नका. आणि देशाचा कायदा आधी बघा. जर्मनीत मुलाला प्रत्यक्ष शाळेत पाठवणं बंधनकारक आहे. घरी बसून नुसता क्नेद केला तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल.

दुसरा प्रकार कमी लोकांना ठाऊक आहे आणि माझ्या मते बहुतेक कुटुंबांसाठी तोच योग्य: मूल दिवसभर स्थानिक शाळेत जातं आणि क्नेदकडून फ्रेंचसह फक्त मोजके मुख्य विषय करतं. याला पूरक आंतरराष्ट्रीय शिक्षण म्हणता येईल. स्थानिक शाळा आणि हे विषय दोन्ही नीट पार पडले, तर पुढच्या इयत्तेबद्दल मिळणारा निर्णय फ्रान्समधली सरकारी शाळा मानते. परतीचं दार उघडं राहतं आणि मुलाचं बालपणही शाबूत राहतं. तरीही आठवड्यातले काही तास जातातच. स्थानिक शाळेचा गृहपाठ, पोहण्याचा वर्ग आणि वर हे, असा दिवस झाला की दहा वर्षांचं मूल फ्रेंचचाच राग करू लागतं. अशा वेळी काहीतरी काढून टाकावं लागतं, आणि ते फ्रेंच नको असेल तर दुसरं काय काढायचं हे आधीच ठरवलेलं बरं.

परत जायचं नसलेल्यांसाठी सगळ्यात स्वस्त आणि खरं तर सगळ्यात आनंदाची सोय म्हणजे ‘फ्लाम’ संस्था. फ्रेंच मातृभाषा असलेल्या किंवा घरात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांसाठी पालकांनी चालवलेले हे शाळेबाहेरचे वर्ग. फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यानं २००१ साली त्यांना पाठबळ द्यायला सुरुवात केली, आता ते काम एईएफई बघते आणि नव्या संस्थेला सुरुवातीला अनुदान मिळू शकतं. वर्ग बहुधा शनिवारी सकाळी किंवा एखाद्या संध्याकाळी, दोन-तीन तास, भाड्यानं घेतलेल्या खोलीत भरतो. ब्रिटनमध्ये अशा संस्थांचं जाळं चांगलं दाट आहे. इथे मूल व्याकरण शिकतं त्याहून महत्त्वाचं काहीतरी घडतं. आपल्यासारखीच, घरी एक आणि शाळेत दुसरीच भाषा बोलणारी आणखी बारा मुलं त्याला दिसतात. फ्रेंच ही फक्त आई रागावते तेव्हाची भाषा उरत नाही.

वर्ग निवडताना एक कसोटी लावा. लहान मुलांच्या वह्या बघायला मागा. फ्रान्सच्या शाळेतल्या वहीत ८ मिलिमीटरच्या चौकटी असतात आणि त्यांत २-२ मिलिमीटरवर फिकट आडव्या रेघा. मुलं त्या रेघांवर अक्षरं एकमेकांना जोडून वळणदार लिहितात, कोणतं अक्षर कितव्या रेघेपर्यंत चढतं हेही शिकतात. अशा वह्यांत रोजची वाक्यं, श्रुतलेखन, दुरुस्त्या दिसल्या तर वर्ग लेखनावर काम करतोय. नुसती रंगवलेली चित्रं आणि गाण्यांचे कागद चिकटवलेले दिसले, तर चार वर्षांच्या मुलासाठी ठीक, आठ वर्षांच्या मुलासाठी नाही.

आल्यांस फ्रांसेज १८८३ पासून आहे आणि तिच्या शाखा जगभर भेटतात, त्यामुळे पालक सहज तिथे जातात. तिथले बहुतेक वर्ग फ्रेंच ही परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी असतात. घरात फ्रेंच बोलणाऱ्या मुलाला ‘माझं नाव अमुक’ या धड्यावर बसवणं म्हणजे त्याचा छळ. तिथे सरळ विचारा, फ्रेंच बोलणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे का? काही शाखांत असतो. नसला तरी वाचनालयाची वर्गणी घ्या, त्या पैशाचं चीज होईल. देल्फ परीक्षा, म्हणजे लहान मुलांची ‘देल्फ प्रिम’ आणि मोठ्या मुलांची ‘देल्फ ज्युनिअर’, या परक्या भाषेच्या परीक्षा आहेत. मुलाला प्रमाणपत्राचा उत्साह येतो, आणि शाळा फ्रेंचला श्रेयगुण देत असेल तर ते कामी येतं. पण फ्रान्समधल्या पाचवीच्या वर्गात मूल टिकेल का, याचं उत्तर देल्फ देत नाही.

फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याचा ‘लेबल फ्रांसएदुकासिओं’ हा शिक्काही काही शाळांच्या दारावर दिसेल. २०१२ पासून तो परदेशातल्या स्थानिक शाळांतल्या चांगल्या फ्रेंच-दुभाषिक वर्गांना मिळतो. हा गुणवत्तेचा शिक्का आहे, वर सांगितलेली मान्यता नव्हे. परतताना त्याच्या बळावर इयत्ता मिळेल असं समजू नका.

वयानुसार निवड बदलते. सहाव्या वर्षाच्या आत मूल असेल तर घाई करू नका. बोलणं, गोष्टी वाचून दाखवणं, गाणी, एवढं पुरतं. सहा ते नऊ ही वर्षं मात्र मोलाची. तेव्हा वाचायला येतं, आणि पैसे किंवा वेळ एकाच टप्प्यावर खर्चायचा असेल तर मी तो इथे खर्चेन. एका भाषेत वाचायला आलेलं मूल दुसऱ्या भाषेत शून्यापासून सुरू करत नाही. अक्षरांपासून आवाज, आवाजांपासून शब्द ही युक्ती त्याला कळलेली असते. इंग्रजी शाळेत वाचायला शिकलेली मुलगी फ्रेंच पुस्तक उघडते तेव्हा सी-एच दिसला की ‘च’ म्हणते, ओ-यू दिसला की चाचपडते. फ्रेंचमध्ये ते ‘श’ आणि ‘ऊ’ आहेत एवढं दाखवून दिलं, रोज पंधरा मिनिटं शेजारी बसून वाचलं, तर काही महिन्यांत तिची गाडी रुळावर येते. दोन्ही भाषांत एकाच वेळी वाचायला शिकवावं की एकामागून एक, यावर पालक तासन्‌तास वाद घालतात. दोन्ही चालतं. दोन्हींपैकी काहीच न केलं तर मात्र चालत नाही.

घरात आई-बाबा दोघंही फ्रेंच न बोलणारे असतील, आपसात मराठी बोलत असतील, तर मुलाच्या डोक्यावर तीन भाषा येतात. शिक्षक कधी कधी सल्ला देतात की घरी पण फ्रेंच बोला. ऐकू नका. आपल्याला मोडकीतोडकी येणारी भाषा मुलाला देण्यापेक्षा आपली भरघोस भाषा द्यावी, फ्रेंचची बाजू वर्ग, पुस्तकं आणि फ्रेंच बोलणारे मित्र सांभाळतील. अशा घरात मात्र आठवड्याचे दोन तास अपुरे पडतात, कारण बाकीच्या दिवसांत कानावर फ्रेंच पडतच नाही. तिथे फ्लामपेक्षा दुभाषिक शाळा किंवा पूर्ण फ्रेंच शाळाच हवी, नाहीतर दोन वर्षांत भाषा विरून जाते. मुलं भाषा शिकतात त्याच वेगानं विसरतातही, हे कुणी आधी सांगत नाही.

चौदा-पंधरानंतर गणित पुन्हा बदलतं. आता प्रश्न असतो विद्यापीठाचा. फ्रेंच बाक झालेला विद्यार्थी, पासपोर्ट कुठलाही असो, फ्रान्समधल्या उच्चशिक्षणासाठी ‘पार्कूरसूप’ या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करतो आणि भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. बाकमधली फ्रेंचची परीक्षा शेवटच्या वर्षी नसून त्याच्या आदल्या वर्षी, ‘प्रमिएर’च्या अखेरीस होते. त्यामुळे त्या वर्षी परक्या शाळेतून फ्रेंच लिसेमध्ये उडी मारणं अवघड. उडी मारायचीच तर त्याच्या आधीच्या ‘सगोंद’मध्ये मारावी. ज्या शाळेत आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम आहे आणि फ्रेंचचा शिक्षक नाही, तिथेही फ्रेंच साहित्य हा विषय शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यास करून घेता येतो. चांगलं लिहिता येणाऱ्या मुलासाठी हा उत्तम मार्ग आहे, आणि पालकांनी विचारल्याशिवाय शाळा तो सहसा सांगत नाही.

शेवटी कागद. फ्रेंच शाळा सोडताना प्राथमिकमधून नाव कमी केल्याचा दाखला, म्हणजे ‘सेर्तिफिका द रादियासिओं’, आणि कोलेज-लिसेमधून ‘एग्झेआ’ घ्यावा लागतो. नवी शाळा तो मागते. सोबत ‘लिव्रे स्कोलेर’, म्हणजे प्रगतिपुस्तक. मान्यता नसलेल्या शाळेतून परतत असाल तर मुलाची चाचणी होऊ शकते, आणि फ्रेंच फारच मागे पडलं असेल तर त्याला काही काळ बाहेरून आलेल्या मुलांच्या खास भाषावर्गात बसवतात. तो वर्ग म्हणजे शिक्षा नाही. तिथून मुलं हळूहळू नेहमीच्या वर्गात मिसळतात. दक्षिण गोलार्धातल्या काही फ्रेंच शाळांचं वर्ष सप्टेंबरऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं. तिथून डिसेंबरात इयत्ता संपवून निघालेलं मूल जानेवारीत फ्रान्सला पोचतं तेव्हा तिथलं वर्ष निम्मं झालेलं असतं. मग त्याला निम्म्यावर आलेल्या पुढच्या इयत्तेत बसवायचं की त्याच इयत्तेचा उरलेला भाग पुन्हा करायला लावायचा, हे दोन्ही शाळांशी विमानाची तिकिटं काढण्याआधी लेखी ठरवून घ्या.